विश्वासाची गोळी

"विश्वास तर पानिपतातच गेला!" हा आपल्या होस्टेलमधला घासून घासून गुळगुळीत झालेला विनोद. कोणी शंभर रुपये उसने मागितले की हाच विनोद, कोणी जर्नल कॉपी करायला मागितलं तरी हाच विनोद. पण मित्रांनो, समजा एखाद्या माणसाचा विश्वास खरोखरच कुठल्यातरी पानिपतात गेला असेल, तर? आणि तो परत आणणारी एखादी गोळी निघाली, तर ती घ्यावी का? घेतली तर कोणाच्या समोर बसून घ्यावी?

प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेत या गोळीवर गेली काही दशकं काम चाललं आहे. तिचं नाव एमडीएमए. वर्तमानपत्रात रेव्ह पार्टीच्या बातम्यांमध्ये 'एक्स्टसी' म्हणून जे येतं ना, तेच हे रसायन. काटेकोर बोलायचं तर एलएसडीसारखे रंगीबेरंगी भास घडवणारं हे द्रव्य नव्हे, पण 'सायकेडेलिक उपचार' अशी चर्चा निघाली की ते त्याच पंक्तीत बसतं. या उपचारांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे 'ड्रग्ज ते ड्रग्ज, विषय संपला'. दुसरं म्हणजे 'एका गोळीत दहा वर्षांचं दुःख साफ'. माझ्या मते दोन्ही मतांमध्ये एकच चूक आहे. दोघंही गोळीकडेच बघत बसतात. गोळी देणाऱ्या माणसाकडे कोणी बघतच नाही.

आधी थोडा इतिहास. १९१२ साली जर्मनीतल्या मर्क कंपनीत हे रसायन पहिल्यांदा तयार झालं आणि कित्येक वर्षं अडगळीत पडून राहिलं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातले रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी ते पुन्हा बनवलं आणि लिओ झेफ या मानसशास्त्रज्ञाकडे पोचवलं. झेफ यांच्यामार्फत ते अनेक मानसोपचारकांच्या हाती गेलं. तिथून ते नाचगाण्याच्या क्लबांतही पोचलं आणि १९८५ मध्ये अमेरिकन सरकारने त्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी रिक डॉब्लिन यांनी 'मॅप्स' नावाची संस्था काढली. हे रसायन औषध म्हणून कायदेशीर मार्गाने मान्य करून घ्यायचं, हा तिचा एक मोठा उद्देश होता. आजार निवडला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात ठाण मांडून बसणारा त्रास. युद्धावरून परतलेले सैनिक, बलात्कार सोसलेल्या स्त्रिया, लहानपणी घरातच मार खाल्लेली माणसं असे यातले रुग्ण.

आता हा आघात म्हणजे नेमकं काय बिघडतं? आपल्याकडे म्हण आहे, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आघातात याच्याही पुढची गोष्ट होते. ताकच काय, पाण्याचा पेला दिसला तरी छाती धडधडते. त्यातही भूकंप, पूर यांचा आघात वेगळा आणि माणसाने माणसाला केलेली इजा वेगळी. दुसऱ्या प्रकारात माणूस हीच धोक्याची खूण बनते. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण आणि शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. सुरक्षितता पहिली आहे, हे लक्षात घ्या. पाया भरायच्या आधी स्लॅब टाकत नाहीत, हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको.

म्हणजे गंमत बघा. जो माणूस कोणावर विश्वास ठेवू शकत नाही, त्याने बरं होण्यासाठी एका अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा! चावी आत आणि कुलूप बाहेर. नेहमीच्या समुपदेशनात हे कुलूप उघडायला महिने, कधी वर्षं लागतात. अनेकजण मध्येच सोडून देतात.

इथे एमडीएमए कामाला येतं. ते मेंदूत सेरोटोनिन मोठ्या प्रमाणात मोकळं करतं, ऑक्सिटोसिन या आपुलकीशी जोडलेल्या संप्रेरकाची पातळी वाढवतं आणि भीतीचा भोंगा वाजवणाऱ्या अमिग्डला या भागाची धार कमी करतं. त्यामुळे एरवी ज्या आठवणीच्या जवळही जाता येत नाही, तिच्याकडे माणूस काही तास न घाबरता पाहू शकतो आणि समोरच्याला सांगू शकतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गुल डोलेन यांच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लू असताना उंदीर सोबतीच्या अनुभवातून जितक्या सहज शिकतो, तितकं तो मोठेपणी शिकत नाही. ती खिडकी बंद होते. एमडीएमए दिल्यावर ती प्रौढ उंदरांमध्ये काही काळ पुन्हा उघडली. उंदरावरून माणसावर उडी मारायची नसते हे खरं, पण दिशा कळते.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. खिडकी उघडली की वारा आत येतो तसा धूरही येतो. त्या वेळी समोर कोण बसलं आहे, ते गोळी ठरवत नाही.

दुसऱ्या शब्दांत सांगतो. विश्वास म्हणजे एक प्रकारचं मोजमाप असतं. समोरचा माणूस कसा वागला, शब्द पाळला का, माझ्या 'नाही'चा मान ठेवला का, हे बघत बघत आपण आतला काटा हळूहळू वर नेतो. गोळी तो काटा थेट वर ढकलते. समोरचा माणूस मात्र होता तसाच असतो! थर्मामीटर बर्फात बुडवला तर पारा उतरेल, ताप उतरणार नाही. तेव्हा औषधाच्या अमलाखाली 'मला यांच्याबद्दल खूप विश्वास वाटतोय' असं रुग्ण म्हणाला, तर त्यावरून रुग्णाच्या मेंदूची अवस्था कळते. डॉक्टर विश्वासू आहे की नाही, हे अजिबात कळत नाही.

ही काही पुस्तकी भीती नाही. मॅप्सच्याच प्रयोगांच्या दुसऱ्या टप्प्यात, कॅनडात २०१५ च्या सुमारास एका स्त्रीवर हे उपचार झाले. लैंगिक अत्याचाराच्या आघातासाठीच ती तिथे आली होती. तिच्यासोबत नियमाप्रमाणे दोन उपचारक होते, एक पुरुष आणि एक स्त्री, आणि ते दोघे नवरा-बायको होते. सत्रांचं चित्रीकरणही होत होतं. पुढे, २०२२ मध्ये, त्यातले काही भाग लोकांसमोर आले. औषधाच्या अमलाखाली असलेल्या, घाबरलेल्या त्या स्त्रीला उपचारक दाबून धरताहेत, तिच्या शेजारी आडवे होऊन तिला मिठीत घेताहेत, हे सगळं कॅमेऱ्याने टिपलं होतं. औषधाची सत्रं संपल्यावर, पण ती अजून प्रयोगाच्या पाठपुराव्यात असतानाच, त्यातल्या पुरुष उपचारकाने तिच्याशी लैंगिक संबंध ठेवले. २०१९ मध्ये मॅप्सने स्वतःच जाहीर निवेदन काढून हा नीतिनियमांचा भंग असल्याचं मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकाने या टप्प्यातल्या माहितीवर आधारलेले तीन शोधनिबंध मागे घेतले. कारणांमध्ये हे गैरवर्तनही होतं.

कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय!

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: 'दोन माणसं वाईट निघाली, म्हणून सगळ्या उपचाराला कशाला नावं ठेवता?' मला हे उत्तर पटत नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली येत नाही. का? कारण ऑपरेटर नेहमी शहाणाच असेल, असं कोणी गृहीत धरत नाही. चांगला माणूसही थकतो, चुकतो, मोहात पडतो. डिझाइन असं करायचं की चूक झाली तरी बोट तुटू नये. कॅनडातल्या त्या खोलीत काय नव्हतं? दोन उपचारक होते, पण एकमेकांचे जोडीदार. म्हणजे दोन बटणांना एकच वायर! कॅमेरा होता, पण वेळेवर बघणारा डोळा नव्हता. स्पर्शाला जागा होती, कारण अशा सत्रांत हात धरणं, खांद्यावर हात ठेवणं हा आधार मानला जातो, पण त्याची हद्द कोण राखणार होतं?

म्हणून पहिली गोष्ट, संमती. शुद्धीवर असताना दिलेली संमती आणि अमलाखाली दिलेली संमती यांना एकाच तराजूत घालता येणार नाही. साधा नियम असा असावा: गोळी घेण्यापूर्वी जे ठरलं, ते आत गेल्यावर कमी करता येईल, वाढवता मात्र येणार नाही. आधी 'हात धरला तर चालेल' म्हटलं असेल आणि ऐन वेळी रुग्णाने हात काढून घेतला, तर तिथेच थांबायचं. आधी 'मिठी नको' ठरलं असेल आणि अमलाखाली रुग्णानेच मिठी मागितली, तरी ती द्यायची नाही. 'आपण यावर उद्या बोलू' एवढंच म्हणायचं. हा निर्दयपणा नाही. त्या माणसाने शुद्धीत असताना स्वतःसाठी घातलेल्या कुंपणाची ती राखण आहे. ओरेगॉन राज्याने २०२० च्या जनमतानंतर सायलोसायबिन, म्हणजे विशिष्ट अळिंब्यांतल्या द्रव्याची केंद्रं कायदेशीर केली, तेव्हा स्पर्शासाठी आधी लेखी संमती घेण्याचा नियम केला. चांगलं पाऊल आहे.

दुसरी गोष्ट, आकडे. आपण इंजिनीअर, आकड्यांशिवाय आपलं समाधान होत नाही. मॅप्सच्या तिसऱ्या टप्प्याचे दोन प्रयोग झाले. प्रत्येक रुग्णाला आधी तयारीच्या तीन बैठका, मग महिन्याच्या अंतराने सुमारे आठ-आठ तासांची तीन औषधसत्रं, आणि प्रत्येक सत्रानंतर जे वर आलं ते पचवण्यासाठी तीन बैठका. २०२१ च्या पहिल्या प्रयोगात ९० जण होते. औषध मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोक शेवटी पीटीएसडीच्या निकषात बसेनासे झाले, तर नकली गोळीवाल्यांपैकी ३२ टक्के. २०२३ च्या दुसऱ्या प्रयोगात १०४ जण होते. तिथे हे आकडे ७१ आणि ४८ टक्के.

पहिला आकडा सगळे सांगतात. मला दुसरा जास्त विचार करायला लावतो. नकली गोळी घेऊनही तिघांमागे एक, आणि नंतर जवळपास निम्मे लोक त्या निकषाच्या बाहेर आले! वर्षानुवर्षं त्रास भोगणारी ही माणसं होती. यात काळाचा, अपेक्षेचा वाटा असेलच. पण कित्येक तास आपल्यासोबत बसणारी, घाई न करणारी, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी येणारी दोन माणसं त्यांनाही मिळालीच होती. त्या वाट्याला 'प्लॅसिबो' म्हणून झटकून टाकणं मला बरोबर वाटत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये सायलोसायबिन देऊन नैराश्यावर प्रयोग झाला, त्याच्या २०२२ मधल्या विश्लेषणातही हेच दिसलं: सत्राआधी उपचारकाशी जितकं नातं जुळलेलं, तितका सत्रातला अनुभव खोल आणि पुढचा फरक मोठा.

आणि तरीही घोडं नेमकं इथेच अडलं. अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने जून २०२४ मध्ये या उपचाराविरुद्ध कौल दिला. परिणामकारकतेच्या प्रश्नावर ९ विरुद्ध २, आणि फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे का, या प्रश्नावर १० विरुद्ध १. ऑगस्टमध्ये एफडीएने मान्यता नाकारली आणि आणखी एक प्रयोग करायला सांगितलं. आपल्याला खरी गोळी मिळाली की नकली, हे बहुतेकांनी ओळखलं होतं, हा एक आक्षेप. गैरवर्तनाच्या तक्रारी हाही चर्चेतला मुद्दा. पण एक अडचण मुळातलीच आहे. एफडीए औषध तपासते, मानसोपचार तपासणं तिच्या कक्षेत येत नाही. गोळीची शुद्धता, मात्रा, रक्तदाबावरचा परिणाम हे सगळं तिला मोजता येतं. गोळी दिल्यावर आठ तास खोलीत काय चालावं, हे ठरवणारं कोणी नाही. इंजिनाची चाचणी झाली, ब्रेक कोणत्या खात्याकडे ते ठाऊक नाही, आणि गाडी रस्त्यावर आणायची घाई!

त्यामुळे तो नकार मला योग्य वाटतो. इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे: 'तुमचं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण रोज रात्री दचकून उठणाऱ्या सैनिकाने अजून किती वर्षं थांबायचं?' या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. उशिराचीही किंमत असते आणि ती दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. म्हणूनच मी 'बंदी घाला' म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून फक्त अधिकृत केलेल्या मनोविकारतज्ज्ञांना पीटीएसडीसाठी एमडीएमए देण्याची परवानगी दिली. म्हणजे जबाबदार कोण, हे तरी तिथे नावानिशी ठरलेलं आहे. माझं म्हणणं इतकंच की नात्याच्या बाजूचीही गोळीइतकीच कसून तपासणी व्हावी. उपचारकांना परवाना हवा. दोघांपैकी एक दुसऱ्याला टोकू शकेल इतका स्वतंत्र हवा. रेकॉर्डिंग तिसऱ्याने खरोखर पाहायला हवं. आणि तक्रार करायची ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर जाऊ नये, अशी वेगळी जागा हवी.

'इतके नियम केले की माया आटते' असंही काहींना वाटेल. मला उलट वाटतं. अमेरिकेच्याच 'साम्हसा' या सरकारी यंत्रणेने २०१४ मध्ये आघाताची जाण ठेवून काम करण्याची सहा तत्त्वं मांडली: सुरक्षितता, विश्वासार्हता आणि पारदर्शकता, समदुःखींचा आधार, बरोबरीने काम, रुग्णाचा आवाज आणि निवड, आणि संस्कृती, इतिहास, स्त्री-पुरुषभेद यांचं भान. यात नियम आणि माया वेगळी काढता येतात का? ज्याचं 'नाही' एकदा पायदळी तुडवलं गेलंय, त्याच्यासाठी सगळ्यात मोठी माया कोणती? तो 'नाही' म्हणाला, समोरचा थांबला, रागावला नाही, रुसला नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वेळेवर आला, ही. असं दहा वेळा घडलं की विश्वास बसायला लागतो. गोळीमुळे या प्रवासाला वेग येत असेल, पण प्रवास चुकत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण हे वाचून कोणाच्या डोक्यात भलतंच शिरायला नको. आपल्या देशात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार एमडीएमए, एलएसडी आणि सायलोसायबिन हे सगळं बेकायदेशीर आहे. गोव्याच्या ट्रिपला कोणीतरी पुढे केलेली गोळी आणि वर सांगितलेला उपचार यांचं नाव एक असेल, बाकी काहीही एक नाही. त्या गोळीत काय आहे, किती आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. प्रयोगांत हृदयविकार असलेल्यांना आधीच वगळलेलं होतं, नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू थांबवल्या होत्या आणि रक्तदाब तपासला जात होता. पार्टीत हे कोण करणार? आणि मनाची खिडकी तिथे, स्पीकरच्या भिंतीसमोर, अनोळखी गर्दीत सताड उघडी पडली, तर आत काय काय शिरेल याचा विचार करा.

त्या उपचारातली गोळी आपल्याला उपलब्ध नाही. उरलेली अर्धी बाजू मात्र आहे. रात्री दोन वाजता एखादा रूममेट काहीतरी सांगायला लागतो. रॅगिंगचं, घरचं, नात्यातल्या कोणा काकांचं. त्या वेळी आपण उपचारक नसतो आणि तसं व्हायलाही जाऊ नये. पण काही गोष्टी जमतात. त्याला जेवढं सांगायचंय तेवढंच सांगू द्यायचं, पुढचं उकरायचं नाही. 'अरे, त्यात काय एवढं' म्हणायचं नाही. तो प्यायलेला असेल तर त्या भरात त्याने सांगितलेलं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वाटायचं नाही. जिवाला धोका वाटला, तर मात्र गुप्ततेचं वचन बाजूला ठेवून लगेच वॉर्डनना किंवा डॉक्टरांना गाठायचं, आणि तसं त्यालाही स्पष्ट सांगायचं. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि आपल्या सरांना, मॅडमना आणि रेक्टरांना एक विनंती. समुपदेशकाकडे गेलेल्या मुलाची बातमी संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये पोचत असेल, तर ती खोली कितीही छान रंगवली तरी तिथे कोणी फिरकणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या गुप्ततेचा हक्क मान्य केलेला आहे. कागदावरचा तो हक्क त्या खोलीच्या दारापर्यंत आणणं आपल्या हातात आहे. तिथे गेलेल्या पहिल्या मुलाची गोष्ट बाहेर फुटली नाही, तर दुसरा आपणहून जाईल.